तीस हजारांची बुंदी

मनकर्णा हलामी या बाईशी माझी ओळख एका कोंबडीवरून झाली.

मी एसटीत कंडक्टर. राहणार ब्रह्मपुरीचा, नोकरी गडचिरोलीला. आमची गाडी धानोऱ्यावरून पुढे जंगलात शिरते आणि संध्याकाळी तोयेटोल्याला मुक्कामी थांबते. मुक्कामी गाडीचा कंडक्टर म्हणजे अर्धा गावकरी असतो. गावातली सगळी भांडणं त्याला ऐकू येतात, पण मध्ये बोलायचा हक्क त्याला नसतो. माझ्यासारख्या माणसाला हे फार जड जातं.

तर कोंबडी. मनकर्णाबाई टोपलीत कोंबडी घेऊन चढली आणि दाराजवळ खाली बसली. मी कोंबडीचं तिकीट मागितलं, कारण नियम आहे.

"कोंबडी सीटवर बसली हाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मी बसली हाव का?"

"नाही."

"मंग दोघीइचं मिळून एक फाड."

मी एक फाडलं. वाद घालायला माझी हरकत नव्हती, पण मागे धानोऱ्याच्या बाजाराची रांग उभी होती. पुढे बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तिने मशीनकडे असं पाहिलं की जणू मीच लबाडी केली. "मी काऊन अर्धी? मी मांगतलं का?" म्हणाली. पूर्ण तिकीट मशीन देईना आणि अर्धं ती घेईना. शेवटी उरलेले पैसे तिने आमचा ड्रायव्हर हेमराज याच्या हातावर ठेवले, चहाला म्हणून. हेमराज तेव्हापासून त्याच योजनेत चहा पितो.

ही बाई साठीच्या आतबाहेरची, अंगाने काटक, विधवा. मूलबाळ नाही. मोह वेचणं, चारोळी काढणं, दुसऱ्याच्या बांधीत म्हणजे धानाच्या शेतात रोवणा म्हणजे लावणी करणं हा तिचा धंदा, आणि उरलेल्या वेळात गावाला शिस्त लावणं हा छंद. फुकट काही घ्यायचं नाही आणि हक्काचं काही सोडायचं नाही, एवढे दोनच नियम तिने आयुष्यभर पाळले. यातला पहिला नियम पाळणारे पुष्कळ पाहिले. दुसरा पाळणाऱ्यांशी माझं रोज भांडण होतं. दोन्ही पाळणारी ही एकटीच.

तिच्या शेजारची सोमारी हिची गोष्ट सांगितल्याशिवाय मनकर्णाबाई कळायची नाही. सोमारी तिशीच्या आतली. नवरा बिरजू तापाने गेलेला. मागे एक झोपडी आणि धानाची एक बांधी. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती बायकांबरोबर सकाळी मोह वेचायला निघाली आणि पायवाटेवर भूसुरुंग फुटला. तो तिच्यासाठी पुरलेला नव्हता. ज्यांच्यासाठी पुरला होता ते त्या वाटेने कधी आलेच नाहीत. कोणी पुरला हेही कोणी सांगितलं नाही. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि आमच्याच गाडीतून गडचिरोलीला नेलं. त्या दिवशी मी कुणाचंच तिकीट फाडलं नाही. हेमराजने गाडी कुठेच थांबवली नाही, थांब्यावरचे लोक हात करत राहिले. 

सरकारी मदत मिळाली, ती दवाखान्यात आणि घर शाकारण्यात संपली. मग एका शिबिरात पायही फुकट मिळाला. पाय चांगला होता. फक्त तो ज्याला नीट बसला असता तो माणूस दुसरा होता. रंगाने गोरा, पुढे बूट घातलेला, फरशीवर चालणारा पाय. तोयेटोल्यात फरशी शाळेत आहे, तीही अर्धी. सोमारीला त्याने उकिडवं बसता येईना आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालता येईना. एका पावसाळ्यात तो तळव्याशी फाटला. शिवाय उरलेल्या पोटरीचं मांस सुकत गेलं आणि पाय सैल झाला.

मग तिचा भासरा, म्हणजे बिरजूचा थोरला भाऊ पोचू, म्हणाला, "तुह्यानं होत नाई तं बांधी मी कसतो. तू माह्या घरी येऊन राह्य." पोचू वाईट माणूस नाही. सोमारीची खाट रस्त्यापर्यंत आणणाऱ्या चौघांत तो होता. पण त्याला तीन पोरं होती आणि दोनच बांध्या होत्या. तिसरी बांधी शेजारीच, तीही भावाची, हे त्याच्या डोळ्यापुढून हलत नव्हतं. आणि तोयेटोल्यात एकदा ज्याने रोवलं त्याचीच बांधी होते. हे सोमारीला माहीत होतं. तीन वर्षं बायकांनी मिळून तिची बांधी रोवून दिली. यंदा तिने स्वतः चिखलात उभं राहावं, नाहीतर बांधी पोचूकडे जावी, असं वैशाखापर्यंत सगळ्या गावाने मनात धरलं होतं.

मनकर्णाबाई सोमारीला घेऊन माझ्या गाडीने निघाली आणि गडचिरोलीला गाडी बदलून चंद्रपूरला पोचली. तिथे मिथुन नावाचा एक माणूस कृत्रिम पाय बनवतो. लहानशी जागा आहे, भिंतीवर पाय टांगलेले. त्याने सोमारीची पोटरी पाहिली आणि सांगितलं की चिखलात चालेल, उकिडवं बसता येईल, चप्पल घालता येईल असा पाय होतो. खर्च तीस हजार. यात त्याची मजुरी फारशी नव्हती, हे मनकर्णाबाईने त्याला उलटसुलट विचारून खात्री करून घेतलं. येताना गाडीत ती गप्प होती. ती गप्प असली की हेमराज गाडी सावकाश चालवतो.

आठवड्याने गोटूलात बैठक बसली. गोटूल म्हणजे गावाची बसायची जागा, आमची गाडी उभी राहते तिच्या अगदी बाजूला. म्हणून मी गाडीत बसून ऐकलं. तोयेटोल्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एक झालं तर ठराव होतो. एकाने 'नाई' म्हटलं तर बैठक उठते आणि पुन्हा बसते. ही पद्धत आमच्या युनियनला लावली असती तर आम्ही अजून पहिल्याच मागणीवर बसलो असतो.

कुणी म्हणालं, घरटी वर्गणी काढू. मनकर्णाबाई म्हणाली, "लोकाइच्या घरातलं काऊन काढता? रस्ता हाय ना आपला. पंडुमचा पैसा देऊ."

पंडुम म्हणजे सण. बी पेरायच्या आधी, वैशाखात, एक दिवस गावच्या बायका शिवेवर रस्त्यात आडवा दोर धरतात. येणाऱ्याजाणाऱ्याने पैसे द्यायचे. नाही दिले तर अंगावर चिखलाचं पाणी. त्यात लहानमोठा पाहत नाहीत. मी दरवर्षी स्वतःच्या खिशातून देतो, कारण महामंडळात या खर्चाचं खातं नाही. दोर दरवर्षी मनकर्णाबाईच्या हातात असतो, आणि आलेल्या पैशाचं त्याच दिवशी गावजेवण होतं.

सगळे 'हो' म्हणाले. पोचू उठला.

"सोमारीले पाय भेटला पाह्यजे, मी नाई म्हणत नाई. पण पंडुमचा पैसा खायचा असते. सूर्य डुबायच्या आत, सगळ्या घरानं. ठेवला तं बी उगवत नाई. पाय खाता येते का?"

तो खरं बोलत होता. सगळ्यांनी वारलूबावाकडे पाहिलं. वारलूबावा हा गावाचा गायता. देवाचं करणं, सणाचा दिवस काढणं, रीत काय आणि बेरीत काय हे सांगणं त्याच्याकडे. तो म्हणाला, "पाहू." बैठक उठली. मला पोचूचा राग आला. रीत तो पाळत होता हे खरं, पण त्या रीतीच्या आड बांधी होती हेही खरं, आणि हे म्हणायला गावात कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत असताना मनकर्णाबाई वारलूबावाच्या आंगणात जाऊन बसली. तिने विचारायला सुरुवात केली.

"पंडुमले बकरा आणतो, त्याचा पैसा कोणाले देतो?"

"बकरेवाल्याले."

"तो त्या पैशाचं काय करते, ते आपण पुसतो का?"

"नाई."

"बकरा महाग भेटला तं?"

"महाग खायचा."

"अन् बकऱ्याच्या जागी बुंदी खाल्ली तं?"

"सगळ्या घरानं खाल्ली तं चालते."

"कितीबी महाग?"

वारलूबावाने बिडी पेटवली. धूर सोडून झाल्यावर म्हणाला, "देवानं काय खावं ते सांगतलं हाय. भाव नाई सांगतला."

मनकर्णाबाई तिथून उठली ती थेट माझ्याकडे आली आणि माझा मोबाइल मागितला. तोयेटोल्यात रेंज पाण्याच्या टाकीवर मिळते. ती टाकीच्या जिन्यावर चढली, मी खाली उभा. मिथुनला तिने विचारलं, "तुमी बुंदी इकता का?"

तो 'राँग नंबर' म्हणाला असावा, कारण तिने आपलं नाव, गाव आणि सोमारीची पोटरी पुन्हा सांगितली. मग सगळं समजावलं. बुंदी त्याने आणायची. गाव ती तीस हजाराला विकत घेईल आणि खाईल. पाय तो आपल्या मनाने देईल, त्याच्याशी पंडुमचा संबंध नाही.

"बाई, मी मिठाईवाला नाही," असं तो म्हणाल्याचं मला खालपर्यंत ऐकू आलं.

"एक दिवस व्हा."

 मग त्याने किती आणू असं विचारलं. मनकर्णाबाई म्हणाली, "दोन किलो आणजा. कमी आणली तं लोकं महाग म्हणतील."

पुढच्या बैठकीत पोचूला बोलायला जागा उरली नाही. पैसा खाणार होते, सूर्य बुडायच्या आत खाणार होते, सगळं गाव खाणार होतं. तो म्हणाला, "पंडुमले चार-पाच हजाराच्या वर येत नाई. तीस कुठून आणता?" हा प्रश्नही बरोबर होता.

याचं उत्तर माझ्या तोंडून गेलं. आमच्या रस्त्यावर पुढे नदीवर नवा पूल झाला होता आणि त्याच्या उद्घाटनाला कोणी मोठे साहेब येणार होते. त्या दिवशी गाडी सोडायचीच नाही असा आम्हाला निरोप आला. मी तो मनकर्णाबाईला सहज सांगितला, कारण तिला त्या दिवशी बाजाराला जायचं असेल असं मला वाटलं. ती "बरं" म्हणाली आणि वारलूबावाकडे गेली. त्या वर्षीचा पंडुम नेमका त्याच दिवशी निघाला. दिवस कसा काढला, हे मी वारलूबावाला विचारलं नाही.

मिथुन आदल्या संध्याकाळी आमच्याच गाडीने आला. एका हातात प्लास्टरच्या पट्ट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बुंदीचा डबा. सकाळी त्याने सोमारीच्या पोटरीचं माप घेतलं, साचा काढला आणि मग आमच्यासोबत शिवेवर येऊन बसला. इतका स्वस्त धंदा करताना मी कुठल्याच कारागिराला पाहिलं नव्हतं.

दोराचं एक टोक मोहाच्या झाडाला बांधलं होतं. दुसरं मनकर्णाबाईच्या हातात. तिने बायकांना एकच गोष्ट बजावली. "पायाचं नाव काढू नका. पाय म्हटलं का लोकं दहा रुपये देतात अन् फोटो काढतात. पंडुम म्हणा. तो आपला हक हाय." सोमारीला तिने झाडाखाली बसवलं, कुबड्या मागे ठेवल्या, लुगडं पायावर ओढलं आणि पुढ्यात चिखलाच्या पाण्याने भरलेली गुंडी दिली. गुंडीत पळसाच्या पानांचा झुपका.

पहिल्यांदा पोलीस आले. त्या रस्त्यावर आडवा दोर दिसला की पोलीस काय समजतात ते सांगायला नको. गाडी लांबच थांबली. कानाला यंत्र लावलेले दोघे उतरले आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तपासत, जमिनीवर सुरुंग शोधायची लांब दांडीची थाळी फिरवत, एकेक पाऊल टाकत आले. अर्धा तास गेला. बायका तंबाखू मळत बसल्या होत्या.

"दोराला काय बांधलंय?" लांबूनच एकाने विचारलं.

"एका टोकाले झाड, एका टोकाले मी," मनकर्णाबाई म्हणाली.

त्यांनी झाडाभोवती तपासलं. मनकर्णाबाईला उठवून ती बसली होती ती जागा तपासली. ती उठली, त्यांचं झाल्यावर पुन्हा बसली. सोमारी सगळं पाहत होती. थाळी कशी फिरते, पाऊल कसं जपून पडतं. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी माह्या आगुदर हे चालले असते तं."

 थाळीवाल्या शिपायाची नजर मागच्या कुबड्यांवर गेली. तो पोरसवदा होता, तिकडचाच असावा. त्याने खिशातून नोट काढून मनकर्णाबाईला दिली, मगच दोर ओलांडला. त्याच्यामागच्या सगळ्यांनी तसंच केलं.

नंतर साहेबांच्या गाड्या आल्या. एकामागे एक, सगळ्या पांढऱ्या. पुढच्या गाडीतून एकाने काच खाली केली. "साहेबांची गाडी आहे."

"मंग सायबाले पैसे मांगा," मनकर्णाबाई म्हणाली.

तिसऱ्या गाडीतला एकजण कडक इस्त्रीत होता. तो म्हणाला, ही काय पद्धत झाली, आम्ही देणार नाही. सोमारीने बसल्या जागेवरून झुपका बुडवला आणि फिरवला. तिचा नेम चांगला आहे, हे त्या दिवशी गावाला कळलं. मागच्या गाड्यांनी मग वाद घातला नाही. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांकडे सुट्टे नसतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. सुट्टे नव्हतेच. सगळ्या मोठ्या नोटा निघाल्या, आणि परत द्यायची रीत पंडुमात नाही.

दुपारी त्याच गाड्या परत आल्या. "जाताना दिले ना," असं एकजण कुरकुरला. मी तिकिटाचा माणूस आहे. जातानाचं तिकीट येताना चालत नाही, हे मला मनापासून पटतं. तसं मी त्याला सांगितलंही. उन्हं कलायच्या आत तीस हजार भरले आणि वर बकऱ्यापुरते उरले.

गोटूलात सगळं गाव जमलं. वारलूबावाने देवाचं केलं. मिथुनने डबा पुढे ठेवला, वारलूबावाने तीस हजार त्याच्या हातात दिले. बायकांनी पळसाच्या द्रोणात चिमूट-चिमूट बुंदी घालून घराघराला दिली. घरातल्या कर्त्याने आधी खायची आणि मग बाकीच्यांनी. लोक बुंदी जपून चावत होते. भाव सगळ्यांना माहीत होता.

पोचू आला नाही. त्याची बायको म्हणाली, त्याचं डोकं दुखते.

मिथुन पैसे पिशवीत घालत होता. वारलूबावा म्हणाला, "थांबा." एका घराने खाल्लं नाही तर पैसा खाल्ला असं होत नाही. मग तो परत घ्यायचा, बकरे आणायचे, सूर्य बुडायच्या आत जे होईल ते शिजवायचं आणि खायचं. पाय राहिला. मिथुनने पैसे पिशवीतून काढून डब्याशेजारी ठेवले. सूर्य पहाडाला टेकायला आला होता.

मनकर्णाबाई पोचूच्या घराकडे निघाली. वारलूबावाने तिला अडवलं. "जबरदस्तीनं घातलेलं पोटात जात नाई."

ती परत येऊन माझ्याशेजारी बसली.  मग ती म्हणाली, "कंडक्टरभाऊ, मोहाच्या वाटेनं रोज मी आगुदर चालतो. त्या दिवशी तमाकू मळाले थांबली. सोमारी पुढं गेली. माह्या पायाची जागा होती ते." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, पदर तोंडात धरून. मला ते बघवेना. मी हेमराजकडे पाहिलं तर तो दुसरीकडे पाहत होता.

सोमारीने ते ऐकलं असेल की नाही, सांगता येत नाही. तिने कुबडी घेतली, द्रोण घेतला आणि उठली. कुणी तिला अडवलं नाही. पोचूचं आंगण गोटूलासमोरच आहे. भासऱ्याशी धाकट्या भावाची बायको तोंड वर करून बोलत नाही, म्हणून ती आंगणात उभी राहून कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहत बोलली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, बुंदी खा."

"मले गोड चालत नाई," पोचू आतून म्हणाला.

"नोका खाऊ. मंग मी उद्या तुमच्या घरी राहाले येते."

"ये ना. घर तुहंच हाय."

"दोन टाइम जेवीन."

"जेव."

"आमच्या घरच्या बाया लय जगतात, दादा. माही आजी पार वाकून गेली तरी मरे ना." ती थोडी थांबली. "तुमी माही बांधी रोवसान तवा मी इथी आंगणात बसून राहीन. इथून ते दिसते. काही म्हणणार नाई. दरसाल फक्त पाहीन."

पोचू दारात आला. त्याने आंगणातून बांधीकडे पाहिलं. ती खरंच तिथून दिसते, मीही पाहिलं. मग त्याने सोमारीच्या हातातला द्रोण घेतला, तोंडात उपडा केला आणि चावला.

"शिळी हाय," तो म्हणाला.

शिळी होतीच. मिथुनने आदल्या दिवशीच घेतली होती. पोचूचं ते म्हणणं गोटूलात ऐकू आलं तेव्हा सूर्याची कडा पहाडावर दिसत होती की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. वारलूबावाचं मत दिसत होती असं आहे, आणि ते शेवटचं असतं.

मृग लागायच्या आधी मिथुन पाय घेऊन आला. सावळ्या रंगाचा, अनवाणी, अंगठ्याजवळ चप्पल धरायला फट असलेला. सोमारी तो घालून गोटूलापर्यंत चालत आली आणि उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली. त्या पायाचा तिला आनंद झाला, पण त्रासही झाला, कारण तो सगळ्या गावाने खाल्लेला होता. जो तो सल्ला देई. विस्तवाजवळ बसू नको. दगडावर आपटू नको. रात्री उशाशी ठेव, कुत्रं नेईल. एका म्हातारीने तर त्याला तेल लावायला सांगितलं.

रोवण्याच्या दिवशी नाल्याला पूर होता, म्हणून आमची गाडी सुटली नाही. मी आणि हेमराज धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होतो. बायका रांगेने बांधीत उतरल्या, त्यांच्यात सोमारी. शेजारच्या बांधीत पोचू बैलांनी चिखल करत होता. रोवणा मागे मागे सरकत करतात. सोमारी वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होती, एक ओळ झाली, दुसरी झाली. बायकांपेक्षा थोडी मागे होती, पण होती. मनकर्णाबाई तिच्या बाजूला, तिच्याकडे अजिबात न पाहता रोवत होती.

तिसऱ्या ओळीत, कोपऱ्याजवळ, डावा पाय फसला. सोमारीने ओढला, निघेना. तिने जोर लावला, पट्टा सरकला आणि ती पाण्यात बसली. पाय चिखलात तसाच उभा राहिला, एकटा. सगळ्या बायका थांबल्या. मनकर्णाबाईच्या हातात पऱ्ह्यांची जुडी तशीच राहिली. सोमारी पाण्यात बसून त्या पायाकडे पाहत होती.

पोचूने बैल थांबवले. 'म्हटलं होतं ना,' एवढंच त्याने म्हणायचं बाकी होतं. आम्ही सगळे ते ऐकायच्या तयारीत होतो. मीही एक उत्तर तयार ठेवलं होतं, हक्क नसताना.

तो धुरा ओलांडून बांधीत उतरला. बुंधा काढताना हलवतात तसा त्याने तो पाय आधी इकडेतिकडे हलवला, खाली पाणी शिरू दिलं आणि दोन्ही हातांनी वर काढला. आतला चिखल बोटांनी काढून टाकला, बांधीच्या पाण्यात धुतला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने आतून कोरडा केला. मग सोमारीच्या पुढ्यात धरला.

"पट्टा कसून बांध," तो म्हणाला. "अन् तुह्या बांधीत या कोपऱ्याले गाळ खोल हाय. आमच्या बाबाचा पाय बी इथीच फसे. इथलं शेवटी रोवजो, धुऱ्यावर बसून."

आणि तो आपल्या बैलांकडे गेला.